नागपूरच्या हवेत लहान ब्रोमेलिया: जागा, भरण, पाणी आणि पिल्लं

जून उजाडला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोटो येतोच. कुंडीतली माती काळीभोर ओली, बाहेरची पानं अजून हिरवी आणि मधला कोंब तपकिरी पडून एका अंगाला कललेला. सोबत एकच वाक्य: "रोज पाणी घातलं ना जी, तरी गेलं." रोज पाणी घातलं म्हणूनच गेलं, हे सांगणं जिवावर येतं, पण बहुतेक वेळा खरं तेच असतं.

ब्रोमेलिया अननसाच्या कुळातलं. आपण घरात ठेवतो त्यातल्या बऱ्याच जाती मूळच्या अमेरिकेतल्या उष्ण जंगलांतल्या, दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर बसून वाढणाऱ्या. त्यांची मुळं मुख्यतः फांदीला धरून राहायला. पाणी आणि अन्न घेतात ती पानं, तेही पानांच्या बुडाशी जो खोलगट भाग तयार होतो त्यातून. पळसाच्या पानांचा द्रोण आठवा, तसाच तो. हा द्रोण म्हणजे झाडाचं तोंड. खाली जे काही सांगितलंय, ते सगळं या एका गोष्टीवरून निघतं.

## आधी हे तपासा: द्रोण आहे की नाही

नर्सरीत सगळ्यांनाच सरसकट "ब्रोमेलिया" म्हणतात आणि इथेच पहिली गडबड होते. झाडाच्या मधोमध चमचाभर पाणी टाका.

पाणी थांबलं तर झाड द्रोणवालं: निओरेजेलिया, गुझमानिया, व्रिसिया, बिलबर्जिया. जागा कमी असेल तर निओरेजेलियातलं "फायरबॉल" घ्या. वीतभरसुद्धा होत नाही आणि उजेड चांगला मिळाला तर लालबुंद होतं.

पाणी ओघळून गेलं आणि झाड चांदणीसारखं चपटं, जमिनीला बिलगलेलं असेल तर ते क्रिप्टॅन्थस. ते ब्राझीलमधलं, जमिनीवर वाढणारं. त्याला द्रोण नाही, ते मुळांनीच पाणी पितं. खालचे पाण्याचे नियम त्याला जसेच्या तसे लावले तर ते तहानेनं मरेल, म्हणून जिथे फरक आहे तिथे वेगळं सांगितलंय.

तिसरं टिलँड्सिया. त्याला मातीही नको आणि कुंडीही नको. त्याचं थोडक्यात शेवटाकडे येईल.

## १. आणायचा महिना ठरवा

नागपुरात ब्रोमेलिया आणायचे दिवस म्हणजे जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर. हवेत ओल असते, ऊन सौम्य असतं आणि पुढच्या उन्हाळ्याआधी झाडाला सहा-सात महिने रुळायला मिळतात. मार्चनंतर कितीही स्वस्त मिळालं तरी आणू नका. नर्सरीच्या जाळीखाली, फवाऱ्याच्या गारव्यात वाढलेलं झाड एकदम आपल्या गॅलरीत आलं की पंधरा दिवसांत पानांची टोकं कागदासारखी होतात.

ऐन थंडीतही गुझमानिया आणि क्रिप्टॅन्थस आणायचं टाळा. नागपूर फक्त उन्हाचं गाव आहे असं बाहेरच्यांना वाटतं, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. १० अंशांच्या खाली या दोघांना त्रास होतो.

दुकानात तीन गोष्टी बघा. मधलं कोवळं पान दोन बोटांत धरून अगदी हलकं ओढा. हलायला नको, सुटून हातात तर मुळीच यायला नको. मग द्रोणाला नाक लावा. साचलेल्या पाण्याचा थोडा वास चालतो, सडका वास चालत नाही. शेवटी पानं उलटून बुडाशी पांढरा पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड चिकटलेली नाही ना, ते पाहा.

पूर्ण फुललेली गुझमानिया बघून हात आपोआप खिशाकडे जातो. पण ब्रोमेलियाचा प्रत्येक झुपका आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग सावकाश संपतो. म्हणून रंग नुकता चढायला लागलेलं, किंवा बुडाशी पिल्लू (बाजूनं फुटणारं नवं रोप) दिसत असलेलं झाड निवडा. तोच पैसा, दोन वर्षं जास्त.

घरी आणल्यावर पंधरा दिवस बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा.

## २. जागा: कूलर लागायच्या आधी विचार करा

आपल्याकडची अडचण पुस्तकात सापडत नाही. ऑगस्टमध्ये पूर्वेची छान खिडकी सापडते, तिथे कुंड्या मांडल्या जातात, सगळं झकास चालतं. होळी झाली की त्याच खिडकीत कूलर बसतो. उजेड गेला, कुंड्या घाईघाईनं टीव्हीच्या टेबलावर आल्या. तेव्हा पहिल्याच दिवशी स्वतःला विचारा: ही खिडकी मार्चनंतर मोकळी राहणार आहे का?

घरात पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांच्या आत जागा द्या. उजेड मोजायला यंत्र नको. सकाळी अकराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्याच्या हातभर वर तळवा धरा. सावली दिसतेय पण कडा पुसट आहेत, असं असेल तर जागा बरोबर. कडा धारदार दिसल्या तर ऊन जास्त. सावलीच पडत नसेल तर तिथे झाड जगेल, पण निओरेजेलियाचा लाल रंग उतरून ते लांबोडकं हिरवं होईल. गुझमानिया थोड्या कमी उजेडातही चालते.

बाहेर लावायचं तर आंब्याखालची सावली उत्तम. कडुनिंबाखाली मात्र जरा जपून. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानं झडतात, म्हणजे ऊन चढायला लागतं नेमकं तेव्हाच सावली विरळ होते, आणि झडलेली बारीक पानं द्रोणात पडून कुजतात ती वेगळीच. कडुनिंबाखालीच ठेवायचं असेल तर त्या दोन महिन्यांपुरती हिरवी जाळी बांधा.

पश्चिमेची भिंत पूर्ण टाळा. मे महिन्यात ती रात्री दहालाही हाताला चटका देते.

सावधान: जागा बदलायची असेल तर एका झटक्यात बदलू नका. दोन आठवडे रोज थोडं थोडं सरकवा. सावलीतून उजेडात अचानक आणलेल्या झाडावर पडलेला पांढरा डाग ते पान गळेपर्यंत जात नाही.

## ३. भरण: काळ्या मातीला हात लावू नका

आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, ब्रोमेलियाला फास. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा मुळांचा श्वास कोंडतो. "थोडी टाकली तर काय होतं?" असं विचारतात. थोडीसुद्धा नको.

द्रोणवाल्यांसाठी भरण, म्हणजे कुंडीत मातीऐवजी घालायचं मिश्रण:

- नारळाच्या सालीचे बोराएवढे तुकडे: २ भाग
- लाकडी कोळशाचे तुकडे: १ भाग (इस्त्रीवाल्याकडे मिळतो तो चालतो, दगडी कोळसा नको)
- विटांचे बारीक तुकडे किंवा परलाईट: १ भाग

साल पिकलेल्या नारळाची घ्या. शहाळ्याची हिरवी साल लवकर सडते. तुकडे चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा आणि त्या वेळात तीनदा पाणी बदला. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघेल. रंग फिकट झाला की सालीतला क्षार बराचसा गेला असं समजा. ही पायरी लोक हटकून गाळतात आणि मग पानांची टोकं करपली की उन्हाला दोष देतात.

विटांचे तुकडे बांधकामाच्या ढिगाऱ्यातून उचलत असाल तर सिमेंट किंवा चुना चिकटलेले वेगळे काढा.

क्रिप्टॅन्थसचं भरण वेगळं: कोकोपीट २ भाग, चाळलेलं गांडूळखत १ भाग, धुतलेली जाड रेती १ भाग. ते ओलसर राहिलं पाहिजे, चिखल व्हायला नको.

तपासा: कुंडी भरली की पेलाभर पाणी ओता. खालच्या भोकातून ते लगेच यायला हवं. थांबून थांबून ठिबकत असेल तर पुन्हा उपसून जाड तुकडे वाढवा.

## ४. लावणी: खोल गेलं की सडलं

लहान ब्रोमेलियाला चार-पाच इंची कुंडी पुष्कळ झाली. मोठी कुंडी म्हणजे आत जास्त ओल, आणि ती ओल पिणारं कुणी नाही.

१. नर्सरीची पिशवी कापून मुळांभोवतीचा चिकट गोळा बोटांनी मोकळा करा. काळी, मऊ मुळं कापून टाका.

२. सर्वांत खालची वाळकी पानं उलट्या दिशेनं ओढून काढा. निओरेजेलियाच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

३. कुंडी अर्धी भरा, झाड मधोमध धरा आणि बाजूनं तुकडे सोडा. खालच्या पानांची बुडं भरणाच्या वरच राहिली पाहिजेत. पानाचं बूड गाडलं गेलं की सड तिथून सुरू होते.

४. झाड डुगडुगेल. ते खोल बसवून स्थिर करायचा मोह आवरा. दोन बांबूच्या काड्या खोचा आणि जुन्या सुती साडीच्या पट्टीनं सैल बांधा. महिन्या-दीड महिन्यात मुळं पकड घेतात, मग काड्या काढून टाका.

आंब्याच्या फांदीच्या बेचक्यात बांधायचं असेल तरी हीच पट्टी वापरा. तांब्याची तार नको. का ते पुढे.

## ५. पाणी: कोणतं, कुठे, किती, कधी

कोणतं. पावसाचं सर्वांत चांगलं. पावसाळ्यात झाकणाच्या ड्रममध्ये साठवलेलं लहानशा संग्रहाला बरेच दिवस पुरतं. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरलं तर चालतं. शहराच्या कडेच्या बेसा-बेलतरोडीकडच्या नव्या लेआउटांत बोअरचं पाणी असतं, ते जड. द्रोणाच्या कडेला पांढरी रेघ उमटायला लागली की समजा क्षार साचतोय. अशा घरी आरओचं प्यायचं पाणीच द्या, एका झाडाला लागतं ते किती, दोन-चार चमचे.

काटकसरीनं वापरायला जाल आणि फसाल अशी दोन पाणी आहेत. एक, आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं. गाळलेला सगळा क्षार त्यातच असतो. दुसरं, कूलरच्या टाकीतलं. कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो, संध्याकाळपर्यंत उरलेलं पाणी चांगलंच दाट झालेलं असतं. या दोन्हींनी फरशी पुसा.

कुठे आणि किती. द्रोणवाल्याला मधल्या द्रोणात, पाव ते अर्धा भरेल इतकं. काठोकाठ नको. कुंडीतलं भरण दहा-बारा दिवसांतून एकदा भिजवलं तरी पुरे, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी. क्रिप्टॅन्थसला उलट: भरणाचा वरचा पेरभर थर कोरडा लागला की कुंडीत पाणी, पानांच्या मधोमध मुळीच नाही.

थंडीत पारा १० च्या आसपास आला की द्रोण जवळजवळ रिकामा ठेवा आणि कुंडी घरात घ्या. गार पाण्यात बसलेला कोंब लवकर सडतो.

कधी. सकाळी सहा-साडेसहाला. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कसं येतं, हे भांडी घासणाऱ्याला विचारा. ते पाणी द्रोणात ओतणं म्हणजे कोंब शिजवणं.

तपासा: दर महिन्याला एकदा मधलं पान हलकंच ओढून बघा. सुटून आलं, बुडाशी तपकिरी आणि घाण वासाचं असेल तर कोंब सडलाय. द्रोण उलटा करून रिकामा करा, स्वच्छ पाण्यानं धुवा, सडकी पानं काढा आणि आठवडाभर कोरडं राहू द्या. मधला कोंब परत येत नाही, पण बूड टणक असेल तर बाजूनं पिल्लू फुटू शकतं. म्हणून लगेच फेकू नका.

## ६. आठवड्याचा कोरडा दिवस

डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं कूलर आणि कुंड्यांखालच्या बशा बघत फिरतात. द्रोणाकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि एडिस डासाला तर असंच थोडं, स्वच्छ, सावलीतलं पाणी हवं असतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा सात दिवसांच्या आत पाणी बदललं की काम झालं.

रविवारी सकाळी कूलर रिकामा करताना कुंड्याही मोरीत न्या. आडव्या करून द्रोण ओता, बारीक धारेनं एकदा खंगाळा, पुन्हा ओता, मग नवं पाणी. पावसात बाहेर ठेवलेल्या झाडांनाही हे चुकत नाही. पावसानं द्रोण वरून वाहतो खरा, पण अळ्या आत राहतात.

सावधान: डासांसाठी द्रोणात रॉकेल, खोबरेल किंवा कडुनिंबाचं तेल टाकू नका. पानं श्वास घेतात आणि पाणी शोषतात ती जागा तेलानं बंद होते. चकाकीसाठी पानांना तेल पुसणाऱ्यांनाही हेच सांगणं. काही जातींच्या पानांवरची पांढुरकी भुकटी धूळ समजून पुसली जाते. पाणी शोषणारे बारीक खवले असतात ते, राहू द्या.

## ७. तांब्याचं प्रकरण

हे मी स्वतःच्या करणीनं शिकलो. अंगणात संत्र्याचं एक झाड आहे. पावसाळ्याआधी त्याच्या खोडाला बोर्डो (बुरशी रोखणारं मिश्रण) लावतो, उरलेलं पातळ करून पंपानं फवारतो. तोच पंप दोनदा धुऊन आठवड्यानं ब्रोमेलियांवर साधं पाणी मारायला घेतला. साधं पाणी! दहा-बारा दिवसांत सहापैकी चार झाडांच्या पानांवर तेलकट डाग आले, ते काळे पडले, आणि मग एकेका झाडाचा कोंब न ओढताच कलला.

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबं. द्रोणातून पिणाऱ्या झाडाला तांबं थोडंसुद्धा पेलत नाही. संत्र्याचा हा भाग असल्यानं आपल्या घराघरांत बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड असतंच, म्हणून हे ठासून सांगतोय:

- ब्रोमेलियाचा पंप वेगळा. त्यावर रंगानं खूण करा.
- बुरशीनाशक घेताना डब्यावर "कॉपर" लिहिलेलं असेल तर नको.
- तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी आपण प्या, झाडाला देऊ नका. पूजेच्या ताम्हनातलं तीर्थ तुळशीला घाला.
- एसीच्या नळीचं पाणी क्षाराचं नसतं हे खरं, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून ओघळून येतं. मी ते द्रोणात घालत नाही.

पिठ्या ढेकूण दिसला तर फवारणीच्या फंदात न पडता कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक टिपून काढा, मग पान धुवा.

## ८. खत

कमीत कमी. विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्यात चिमूटभर, म्हणजे अर्धा ग्रॅमच्या आसपास. जुलै ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा, भरणावर आणि पानांवर शिंपडून. दाणेदार खत, शेणखत किंवा चहाचा चोथा द्रोणात कधीही नको. तांबं आणि बोरॉन असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रणही नको. निओरेजेलियाला नत्र जास्त झालं की रंग जातो. म्हणून मी निओरेजेलियाला वर्षातून दोनदाच देतो, आणि नाही दिलं तरी ते कुरकुरत नाही.

## ९. एप्रिल ते जून

खत बंद. कुंडी बदलणं बंद. पिल्लं तोडणं बंद. हे तीन महिने फक्त जगवायचं.

बाहेरच्या झाडांवर ७५ टक्के ऊन अडवणारी जाळी बांधा, आणि ती पानांवर टेकू नये म्हणून तीन-चार फूट उंच. मधून हवा वाहिली पाहिजे, नाहीतर खाली भट्टी होते. कुंड्या फरशीवर न ठेवता पसरट ट्रेमध्ये ओली रेती घालून त्यावर विटा आणि विटांवर कुंड्या, अशा मांडा. कुंडीचं बूड रेतीच्या पाण्याला लागायला नको.

घरात कूलरची खोली या झाडांना मानवते, कारण हवेत ओल असते. फक्त झोताच्या समोर ठेवू नका, पाच-सहा फूट बाजूला ठेवा. एसीच्या खोलीत हवा कोरडी होते, तिथे संध्याकाळी पानांवर पाण्याचा हलका फवारा मारा.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की बाहेरची लहान झाडं मी नऊ दिवस सरळ आत घेतो. शेजारी हसतात. हसू देत.

टिलँड्सिया असेल तर या दिवसांत आठवड्यातून तीनदा सकाळी अर्धा तास पाण्यात बुडवा, मग उलटं झटकून पंख्याखाली ठेवा. तीन-चार तासांत बूड पूर्ण कोरडं झालं पाहिजे.

## १०. फूल, पिल्लं आणि सफरचंद

गुझमानियाचा रंगीत तुरा दोन-तीन महिने टिकतो. तो तपकिरी झाला की दांडा बुडाशी कापा. त्यानंतर आईची पानं वर्षभरात एकेक करून वाळत जातील. यात तुमची काही चूक नाही, पाणी वाढवून ती थांबणार नाहीत. याच काळात बुडाशी केळीच्या मुनव्यासारखी पिल्लं फुटतात.

पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तरी होऊ द्या, निम्मं झालं तर आणखी चांगलं. अंगठ्याएवढं असतानाच तोडलेली बहुतेक जगत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये, स्पिरिटनं पुसलेल्या धारदार चाकूनं, आईला अगदी चिकटून कापा. कापलेली जागा एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग चौथ्या टप्प्याप्रमाणे लावा. आईला ठेवा, ती बरेचदा आणखी एक-दोन पिल्लं देते.

पिल्लू दोन-तीन वर्षांचं होऊन भरदार झालं आणि तरी फुलत नसेल, तर द्रोण रिकामा करून कुंडीसकट प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत ठेवा. सोबत एक पिकलेलं सफरचंद ठेवून तोंड बांधा. पिशवी सावलीत हवी, उन्हात नाही. पिकत्या फळातून इथिलीन वायू निघतो, तो झाडाला फुलायला लावतो. आठ-दहा दिवसांनी पिशवी काढा आणि नेहमीसारखं पाणी सुरू करा. सफरचंद नसेल तर पिकलेली केळी चालतात. नागपूरकर म्हणून संत्रं ठेवाल तर उपयोग नाही, त्यातून हा वायू फारच थोडा निघतो.

तुरा दिसायला दोन-तीन महिने लागतात. ऑगस्टमध्ये पिशवी बांधली तर दिवाळीच्या आसपास द्रोणाच्या तळाशी टॉर्च मारून बघायला लागा.